मुक्कामाचं जेवण

शनिवार-रविवार दोघांनीच कुठंतरी जावं आणि निवांतपणे चांगलं खावं, असं मनात आलं की पुण्या-मुंबईच्या जोडप्याला आधी कोकण आठवतं. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर. सुट्टी जोडून आली तर मालवण. तिथं जाणाऱ्याला काय खायचं ते घरातून निघतानाच ठाऊक असतं. सुरमई ताजी मिळेल का, तिसऱ्या आल्यात का, सोलकढी घरची आहे ना, हे फोनवरच विचारून होतं, आणि खोली कशी आहे ही चौकशी त्यानंतर येते. हेच जोडपं अंतर कमी म्हणून लोणावळ्याकडे वळलं की क्रम उलटा होतो. आधी जागा ठरते: दरीकडे तोंड असलेली खोली, पवनेच्या काठचा तंबू, पोहण्याचा तलाव असलेला बंगला. जेवण त्या जागेबरोबर जे येईल ते. पनीर टिक्का, बार्बेक्यूवरचं चिकन, दाल तडका, जिरा राईस, सकाळी पोहे आणि ब्रेड-बटर. महाबळेश्वरलाही हेच मिळतं आणि हिंजवडीच्या हॉटेलातही. परतताना चिक्कीची खोकी गाडीत पडतात आणि खाण्याचा विषय संपतो. मावळात दोन दिवस राहूनही मावळात पिकलेलं काही पोटात गेलेलं नसतं. मावळ खाण्याच्या बाबतीत किनाऱ्यापेक्षा दरिद्री आहे म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. इथलं स्वयंपाकघर दीडशे वर्षं थांबणाऱ्यासाठी मांडलं गेलं, मुक्काम करणाऱ्यासाठी कुणी मांडलंच नाही, हे त्याचं कारण आहे. आणि ही मांडणी बदलायची तर त्याची सुरुवात दोघांच्याच पानापासून होऊ शकते.

थांब्याचा इतिहास आधी पाहायला हवा. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण खोपोली ते खंडाळा हा बोरघाट मधे तसाच उभा होता. प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी तो चढत. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तोवर ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर मजूर या उतारावर राबत होते. लोणावळ्याच्या चिक्कीची जी कूळकथा गावात सांगितली जाते ती या रेल्वेच्या मजुरांपाशीच जाऊन पोचते: गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी, खिशात मावणारी, लगेच अंगात ताकद आणणारी. ती कथा सगळीच्या सगळी खरी असो वा नसो, पदार्थाचा स्वभाव तिच्याशी जुळतो. चिक्की नासत नाही, सांडत नाही, बसून खावी लागत नाही. शिवाय तिच्यातलं काहीच मावळचं नाही. भुईमुगाला हलकी, निचऱ्याची जमीन हवी. पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात शेंगा कुठून पिकणार? गूळही उसाच्या मुलखातून येतो. बाहेरून आलेल्या जिनसांवर इथं हात फिरला आणि पदार्थ पुन्हा गाडीत बसून बाहेर गेला. त्या हाताचं कसब मी कमी लेखत नाही. मगनलालची चिक्की आणि कूपरचं फज यांनी लोणावळ्याला नाव दिलं. पण हे नाव नेण्याच्या जिनसांचं आहे.

घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडली जातात आणि घाट चढून झाला की ती सुटतात. इंजिन जोडायला लागतो तेवढा वेळ गाडी कर्जतला उभी राहते, आणि तेवढ्या वेळात खिडकीतून हात बाहेर काढून घेता येईल असा वडा तिथं प्रसिद्ध झाला. घाटाच्या खाली वडा, घाटाच्या वर चिक्की. दोन्ही यांत्रिक गरजेच्या पोटी आलेली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन आली तेव्हा तर खाणंच गाडीत चढलं. डायनिंग कारमध्ये बसून चीज टोस्ट आणि कटलेट खात घाट पाहायचा, हा आनंद अनेक पिढ्यांनी मनापासून जपला, पण त्यात लोणावळा हे खिडकीतून मागे जाणारं एक स्टेशन होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि फूड मॉलनी याच रीतीची मोठी आवृत्ती काढली. गाडी लावा, पटकन खा, निघा. या सगळ्यात जे मुक्कामाला राहिले ते बंगलेवाले. मुंबईच्या पारशी, गुजराती, भाटिया कुटुंबांचे खंडाळ्या-लोणावळ्याचे बंगले स्वतःचा आचारी आणि स्वतःची चव घेऊन येत. बंगल्याची राखण करणारं कुटुंब मात्र बहुधा आसपासच्या वाडीतलं असे, आणि त्याची चूल मागच्या बाजूला असे. आजही भाड्याच्या बंगल्यात दहा-बारा जणांचा गट उतरतो, केअरटेकर जेवण बनवून देतो, आणि तो बनवतो ते गट मागेल ते. त्याच्या स्वतःच्या ताटात काय आहे याची चौकशी सहसा होत नाही.

त्या ताटात भात असतो. मावळचं खरं अन्न तेच आणि माझ्या युक्तिवादाचा कणाही तोच. वडगाव मावळला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. तिथं आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आयआर-८ म्हणजे हरितक्रांतीच्या काळात आशियाभर पसरलेला बुटका, भरघोस उत्पन्न देणारा वाण. आंबेमोहोर याच्या अगदी उलट: उंच वाढतो, दाणा भरला की वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी, पण शिजताना आंब्याच्या मोहोराची आठवण यावी असा वास. शेतकऱ्याला परवडेल इतकं पीक आणि खाणाऱ्याला हवा तो वास यांची गाठ इंद्रायणीत पडली. दुष्काळी भागासाठी किंवा अधिक उत्पन्नासाठी वाण काढले जातात, त्यांचं कौतुक होतं. चव टिकवण्यासाठी केलेल्या या कामाचं कौतुक त्या मानानं फारच कमी झालं आहे. नदीचं नाव या तांदळाला शोभून दिसतं, कारण ती इथंच, लोणावळ्याच्या डोंगरात उगवते आणि देहू-आळंदीला पोचण्याआधी याच खाचरांना पाणी पाजते. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे सह्याद्रीच्या या उताराला सुवासिक तांदळाचा वारसा आहे, हे कागदोपत्रीही मान्य झालेलं आहे.

आता पहिला आक्षेप इथंच येतो. इंद्रायणी तांदूळ पुण्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. त्यासाठी घाटमाथ्यावर कशाला जायचं? मासा ताजा हवा म्हणून किनाऱ्यावर जावं लागतं, तांदूळ तर वर्षभर टिकतो. हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. दाणा टिकतो, वास टिकत नाही. बासमती असो की आंबेमोहोर, सुवासिक तांदळाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते उडून जाणारं असतं; साठवणीत महिनोन्‌महिने ते कमी होत जातं, आणि गिरणीत जास्त पॉलिश केल्यानंही घटतं. कापणी, झोडणी होऊन साळ वाळली, गावच्या गिरणीत भरडली गेली आणि आठवड्याभरात चुलीवर चढली, तर त्या भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर जे घरभर पसरतं ते वर्षभराच्या पोत्यातून मिळणार नाही. नवा तांदूळ मऊ आणि थोडा चिकट शिजतो. बिर्याणीला हा दोष, पण पिठल्याला, पावट्याच्या आमटीला, खेकड्याच्या रश्श्याला हाच गुण, कारण असा भात कालवला की रस धरून ठेवतो. शिवाय दुकानात ‘इंद्रायणी’ म्हणून मिळणारा सगळाच माल मावळचा असतो असं नाही. वाण कुठंही लावता येतो. शेतकऱ्याच्या घरी बसलेल्याला निदान समोरचं खाचर दिसतं.

यातून एक गोष्ट निघते जी लोणावळ्याच्या धंद्याला आज गैरसोयीची वाटेल. गर्दी येते जुलै-ऑगस्टात. भुशी धरणाच्या पायऱ्या, टायगर पॉइंटचं धुकं, कणीस आणि कांदाभजी. पण त्या वेळी भात लावणीच्या अवस्थेत असतो, आणि ताटात येतो तो गेल्या वर्षीचा. नवा तांदूळ यायचा तो दिवाळीच्या आसपास कापणी झाल्यावर. तेव्हा हवा स्वच्छ असते, लोहगड-विसापूर पूर्ण दिसतात, रस्ते पावसाळ्याइतके तुंबत नाहीत. भात निघालेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल येतात, म्हणजे थंडीच्या पहिल्या दोन महिन्यांत भाताबरोबर खायचं कोवळं कडधान्यही तिथंच उभं असतं. कोकणात हापूससाठी लोक मे महिना धरून जातात. मावळात इंद्रायणीसाठी नोव्हेंबर-डिसेंबर धरून जाणं तितकंच सरळ आहे. पावसाळी गर्दीची किंमत आपण मोजलेली आहे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांनी भरलेला असताना कोसळला आणि चार जण गेले. पाणी बघायला येणारा माणूस पाण्याच्या जवळ जवळ जातो. त्याला थांबवायला बंदोबस्त लागतो, आणि हवामान बदललं की सगळं एकाच दिवसावर येऊन आदळतं. जेवायला येणारा घरात बसतो आणि त्याचा हंगाम दोन-तीन महिने पसरलेला असतो.

पावसाळा अगदी रिकामा असतो असं मात्र नाही. तेव्हाचं ताट वेगळं. पहिल्या सरींनंतर डोंगरउतारावर कुरडू, टाकळा, भारंगी, फोडशी, पुढे करटोली. ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे, बांधाच्या बिळातले खेकडे. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी बायकांना यातली कुठली पानं कुठल्या आठवड्यात घ्यायची, कशाला उकळून पाणी टाकायचं, कशाला चिंच लावल्याशिवाय घसा खाजतो, हे माहीत असतं. राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवू लागला तेव्हा या ज्ञानाला प्रथमच सरकारी मांडव मिळाला. इथं एक काळजी मला खरी वाटते. मागणी वाढली की डोंगर ओरबाडला जाईल, मुळासकट उपटलं जाईल. म्हणून रानभाजी हे हॉटेलच्या मेनूवर बारमाही छापण्याचं प्रकरणच नव्हे. रोज साठ पानांचं हॉटेल आणि दोन पाहुण्यांचं घर यांच्या भुकेत जो फरक आहे तोच इथं निर्णायक ठरतो.

दोघांचा मुद्दा मी म्हणूनच धरून बसलो आहे. बारा जणांचा गट आला की शेतकऱ्याच्या घराला मोठी भांडी, गॅसची शेगडी, मदतीला माणसं लागतात; मग कर्ज, मग शेड, मग पाटी, आणि ती पाटी चालवायला पनीर. दोन माणसं घरच्याच पातेल्यात मावतात. एक वाटी तांदूळ जास्त, चार भाकऱ्या जास्त, आमटीत थोडं पाणी. घरच्या माणसांसाठी शिजतं तेच पाहुण्यांना मिळतं आणि त्यामुळेच ते खरं राहतं. हिशोबही बघण्यासारखा आहे. किलोभर तांदळात आठ-दहा माणसं जेवतात. तोच किलो शेतकरी व्यापाऱ्याला विकतो तेव्हा त्याच्या हाती एका थाळीच्या किमतीचा लहानसा तुकडा येतो. भात वाढून दिला की तो तुकडा कितीतरी पटीनं मोठा होतो, जमिनीचा एक गुंठाही न विकता. ज्या तालुक्यात एनए प्लॉटच्या पाट्या खाचरांच्या बांधावर उभ्या आहेत, तिथं भात पिकवत राहण्याचं कारण शेतकऱ्याला देणं ही साधी गोष्ट नव्हे. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटन धोरण आणलं; त्याचा फायदा घेणारी केंद्रं उभी राहिली, पण बैलगाडीची फेरी, झोके आणि शाळेच्या सहली यांच्याभोवतीच बहुतेकांची रचना फिरते. दोन मोठ्या माणसांना शांतपणे जेवायला घालणारं घर हा त्याहून लहान आणि सोपा प्रकार आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप घरातल्या बाईच्या बाजूनं येतो. दिवसभर शेतात राबून आलेल्या तिनं रविवारी शहरातल्यांसाठी चूल फुंकायची, आणि ‘चुलीवरचं जेवण’ म्हणून त्याचं कौतुक ऐकायचं? चुलीचा धूर तिच्या फुप्फुसात जातो. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यामुळेच चुलीचा आग्रह सोडायला सांगतो. इंद्रायणीचा वास गॅसवरही येतो. जेवणाचे पैसे तिच्या खात्यात जावेत, आदल्या दिवशी कळवल्याशिवाय कुणी येऊ नये, आणि काय शिजवायचं हे तिनं ठरवावं. कोकणात घरगुती जेवण देणाऱ्या बायकांनी ही शिस्त पाहुण्यांना लावली आहे: सकाळी दहापर्यंत सांगा, नाहीतर मिळणार नाही. पाहुण्यांनी ती निमूट पाळली, कारण त्यांना तो मासा हवा होता. मावळच्या बाईला तसं म्हणण्याचं बळ यायचं तर तिच्या भातासाठी कुणीतरी आलेलं असायला हवं. दुसरी अडचण पाहुण्यांच्या बाजूची. लग्न न झालेल्या जोडप्याला गावातल्या घरी खोली मिळत नाही, लग्न झालेल्यांनाही नजरा झेलाव्या लागतात, जातीचे प्रश्न आडून विचारले जातात. ही अडचण पुढच्या वर्षी नाहीशी होईल असा दावा मला करता येत नाही. पण मुक्काम लोणावळ्यात आणि जेवण गावात, अशी विभागणी करायला आज कुणाची आडकाठी नाही.

आणखी एक शंका अशी की मावळच्या खाण्याला मालवणीसारखं नावच नाही, मग त्यासाठी येणार कोण? मालवणी खाण्याचं नाव मालवणात झालं नाही, ते मुंबईत झालं. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसाच्या मागोमाग खानावळी आल्या, त्यातून पुढे हॉटेलं, आणि सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण झाली, तोवर मुंबईच्या जिभेला तिरफळाची ओळख झालेली होती. मावळातला माणूसही मुंबईला गेला, अन्नाच्याच धंद्यात गेला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याची जी व्यवस्था सुरू केली, तिच्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सव्वाशे वर्षं त्यांनी इतरांच्या घरचं जेवण न चुकता इतरांपर्यंत नेलं. जगभरच्या व्यवस्थापनाच्या शाळांनी त्यांच्या अचूकपणाचा अभ्यास केला. त्यांच्या स्वतःच्या घरी काय शिजतं, हा प्रश्न या सगळ्या कौतुकात कुठंच आला नाही. नाव नसण्याचं कारण चवीत शोधण्यापेक्षा इथं शोधावं.

आणि मावळच्या जमिनीनं पाहुण्याला स्वतःच्या पिकातून जेवू घालावं, ही कल्पना नवीही नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात यानं करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. वलूरकच्या, म्हणजे या लेण्यांच्या, ठिकाणी वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. कुठून आले याचा भेद न करता. पावसाळ्यात मावळात मुक्कामाला येणारी ही इतिहासाला ठाऊक असलेली पहिली माणसं, आणि त्यांचं जेवण एका गावच्या उत्पन्नाशी बांधलेलं होतं. त्याच डोंगरावर, चैत्यगृहाच्या दारातच, एकवीरेचं देऊळ आहे. ती किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी समाजाची कुलदेवता. चैत्रात पालख्या घेऊन ते घाट चढून येतात. घाटाखालून सुकट, बोंबील, मीठ वर यायचं आणि पावसाळ्यात मावळी भाकरीबरोबर तेच कोरड्यास व्हायचं. किनारा आणि मावळ यांच्यातलं हे येणंजाणं इतकं जुनं असताना, खाण्यासाठी एकीकडेच जायचं हा भेद अलीकडचा दिसतो.

पाण्याचा विचार इथं टाळता येत नाही, कारण भात म्हणजे पाणी. वळवण, शिरोता आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहाकडे जातं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. ते बंद नळातून नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथं द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. शहराला मावळानं वीज दिली, पाणी दिलं, जमीन दिली, फेब्रुवारीतल्या प्रेमिकांच्या दिवसासाठी पॉलिहाउसमधले गुलाबही दिले. तंबूतल्या रात्रीसाठी पवनेचा काठही दिला. या देण्यात भाताचा वाटा वाढला तर शहराकडून येणारा पैसा प्रथमच पिकवणाऱ्याच्या ओटीवर मोजला जाईल. जमीन आणि पाणी मात्र त्याच्याकडेच राहील.

बदलाला निमित्तही समोर आहे. खोपोली ते कुसगाव या नव्या दुव्याची आखणी अशी आहे की द्रुतगती मार्गावरची वाहनं खंडाळ्याचा घाट टाळून थेट पलीकडे निघतात. बोगद्यातून जाणाऱ्याला लोणावळ्याला थांबण्याचं कारण उरत नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या दुकानदारांना याची चिंता वाटावी हे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण लोकलची स्टेशनं आहेत तिथंच आहेत: तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. वडगाव-कामशेतच्या बाजारात नव्या इंद्रायणीची पोती उघडी असतात, मळवलीहून भाजे-लोहगड पायी गाठता येतो, आणि दोन-तीन वाड्या ओलांडल्या की ज्यांच्या पडवीत साळीची कणगी आहे अशी घरं सुरू होतात. दिवाळीनंतरच्या कुठल्याही शनिवारी दोघांनी तिथं उतरायचं ठरवलं, तर खोलीच्या आधी तांदळाची चौकशी करावी: साळ कुणाची, भरडली कधी, आणि त्याबरोबर घरात आज काय आहे.